आत्याने मोहिंगा केला नाही ते वर्ष

शाळेत मी सातवीला इंग्रजी आणि भूगोल शिकवते, पण हेडमास्तरांच्या लेखी माझं खरं काम वेगळंच आहे. वद्य दशमीचा राष्ट्रीय दिन जवळ आला की आत्याकडे जायचं आणि दोनशे माणसांचा मोहिंगा, म्हणजे माशाच्या रश्श्यातल्या शेवया, सांगून यायचं. तझाउंगमोन महिन्याची पौर्णिमा होते, विहारांतले चीवरदानाचे मांडव उतरतात, सकाळी खांद्यावर शाल घ्यावीशी वाटू लागते आणि हेडमास्तर ऊ त्विन मला व्हरांड्यात गाठतात. "न्वे बाई, दशमी आली बरं का. आत्यांना तेवढं..." पुढचं वाक्य ते कधीच पुरं करत नाहीत. मी आधीच मान हलवलेली असते.

मान हलवणं हा आमच्या घराण्याचा आजार आहे. भीड म्हणतात त्याला. समोरच्याला वाईट वाटेल, अवघड वाटेल, म्हणून आम्ही नको तिथे हो म्हणतो आणि बोलायचं तिथे गप्प बसतो. आमच्या हेंझाडा गावात याला चांगले संस्कार म्हणतात. मला आताशा त्याची चीड येते, आणि सगळ्यात जास्त माझी स्वतःची येते. पन्नासाव्या राष्ट्रीय दिनाला जे झालं त्यात मुख्य गुन्हेगार मी होते, हे आधीच सांगून टाकते.

माझी आत्या, दॉ सॉ यिन, त्या वर्षी चौसष्टची होती. बाजाराच्या कोपऱ्यावर तिची मोहिंगाची टपरी. नवरा गेल्यापासून एकटीच चालवायची. सकाळी नऊला तिचं पातेलं रिकामं व्हायचं आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी येणाऱ्याला ती सुनवायची, "झोपा काढा अजून!" मागूर मासा, गवती चहा, भाजलेल्या तांदळाचं पीठ हे सगळेच घालतात. तिची खुबी केळीच्या गाभ्यात होती. गाभ्याची चकती कापली की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात. ते ती बोटावर गुंडाळून एकेक काढून टाकायची. दोनशे माणसांचा मोहिंगा म्हणजे आदल्या दिवशी पाच तास बोटावर धागे. मी मदतीला बसले की म्हणायची, "सोड. तुला शाळा शिकायचीय." मी पस्तीस वर्षांची मास्तरीण, तरी म्हणायची.

माझे वडील, ऊ फो न्युन, तिचे थोरले भाऊ. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. राष्ट्रीय दिनाला गुलाबी रेशमी फेटा बांधून ते व्यासपीठावर बसत, कारण हेंझाड्यात हयात असलेले बहिष्कारवाले विद्यार्थी ते एकटेच, अशी सगळ्यांची समजूत होती.

त्यांचं भाषण मला पाठ आहे. खोकला कुठे येतो तेही. रंगूनच्या कॉलेजातल्या पोरांनी इंग्रजांच्या युनिव्हर्सिटी कायद्याविरुद्ध बहिष्कार पुकारला (राष्ट्रीय दिन त्याचाच), ती बातमी स्टीमरने आमच्या गावी आली. बाबा तेव्हा मिशनच्या शाळेत दहावीला होते. "आम्ही मुलगे वर्गाबाहेर पडलो," ते सांगत, "आणि आमच्या मागोमाग मुलीही आल्या." इथे टाळ्या. मग खोकला.

आत्याचं म्हणणं निराळं. ती सातवीत होती, चौदा वर्षांची. "मागोमाग?" ती बोटावरचा धागा झटकत म्हणायची. "तुझा बाप विहिरीपाशी उभा होता. सगळे मुलगे विहिरीपाशी. चर्चा चाललेली. बाहेर पडायचं की नाही, आज पडायचं की उद्या. तुझा बाप म्हणत होता, आधी गणिताची चाचणी तर होऊ दे! आम्ही सातवीच्या नऊ मुली पुस्तकं मिटून त्यांच्या समोरून पुढच्या फाटकातून गेलो. तेव्हा लाजेकाजेस्तव यांचे पाय हलले."

बहिष्कारवाल्या मुलांसाठी गावाने आपली राष्ट्रीय शाळा काढली, नदीकाठच्या धर्मशाळेत. मास्तर फुकट शिकवत. पहिल्याच पावसाळ्यात छप्पर बसलं, मास्तर पोटापाण्याला गेले आणि शाळा बंद झाली. मग मिशनने कळवलं की पालकाने माफीचं पत्र दिलं तर मुलाला परत घेऊ. बाबा परत गेले, दहावी झाले, त्याच इंग्रजांच्या कचेरीत चिकटले. आत्या गेली नाही. "आमची सॉ यिन फार मानी," बाबा एवढंच म्हणत. मी लहानपणापासून हेच ऐकत आले आणि मला आत्याचा फार अभिमान वाटे. बाप वाकला, आत्या वाकली नाही, असं मी मनाशी धरून चालले होते. कुणापाशी बोलले मात्र कधी नाही. भीड.

पन्नासाव्या राष्ट्रीय दिनाच्या पाच वर्षं आधी सरकारने मिशनच्या शाळा ताब्यात घेतल्या. म्हणजे मी शिकवते ती सरकारी शाळा हीच. विहीर तीच, घंटा तीच, सातवीचा वर्गही तोच. तेव्हापासून गावाचा समारंभ आमच्या आवारात होऊ लागला आणि आत्या त्या आवारात मागच्या फाटकातून पातेलं घेऊन येऊ लागली. मोहिंगा वाढून झाला की तिथेच विहिरीवर भांडी घासून परत जायची. समारंभ तिने कधी पाहिलाच नाही.

पन्नासावं वर्ष म्हणून त्या खेपेला थाट होता. व्यासपीठावर सहा खुर्च्या मांडायच्या, त्यावर बहिष्काराच्या काळातले ज्येष्ठ बसवायचे आणि शाळेतल्या सगळ्या मुलांनी गुडघे टेकून त्यांना तीनदा नमस्कार करायचा, असं ठरलं. बहिष्कारवाले एकटे बाबा. उरलेल्या पाच खुर्च्यांवर वॉर्ड कमिटीचे अध्यक्ष, भातगिरणीचे जुने मालक असे लोक. अध्यक्षांचा तर बहिष्काराच्या वेळी जन्मही झालेला नव्हता.

सव्वा महिना आधी, थडिंजुत महिन्याच्या पौर्णिमेला, आत्या रिवाजाप्रमाणे फळं घेऊन थोरल्या भावाला नमस्कार करायला आमच्याकडे आली होती. नमस्कार झाला, बाबांनी आशीर्वाद दिला, आणि ती तशीच खाली बसून म्हणाली, "दादा, या वर्षी सहा खुर्च्या आहेत म्हणे."

"हो, ऐकलं मी."

"एक मला हवी. मीही बाहेर पडले होते. तू सांग त्यांना. तुझं ऐकतील."

बाबांनी चिरूट पेटवला. तो नीट पेटला होता, तरी पुन्हा पेटवला. "बघू," ते म्हणाले.

"बघू नको. सांग."

"अगं, कमिटीचं काम. मी मध्ये बोलणं बरं दिसेल का?"

आत्या माझ्याकडे वळली. "मग तू सांग. तुझ्याच शाळेत आहे ना?"

मी मान हलवली.

हेडमास्तरांशी बोलायला मला पाच आठवडे लागले. पाच आठवडे मी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जायची आणि खडू मागून परत यायची. शेवटी दशमीला चार दिवस उरले तेव्हा तेच म्हणाले, "न्वे बाई, आत्यांना तेवढं..." आणि मी एका दमात म्हटलं, "सर, आत्याही तेव्हा सातवीत होती, तीही बाहेर पडली होती, तर खुर्चीचं काही..."

"हो का? वा! छान!" ऊ त्विन मनापासून म्हणाले. माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. "पण बाई, यादी गेली वर. आणि आत्या खुर्चीवर बसल्या तर मोहिंगा कोण बघणार?" ते हसले. मीही हसले. मी का हसले ते मला आजही सांगता येणार नाही.

आत्याला सांगितलं तेव्हा ती टपरीची फळी पुसत होती. "खुर्ची नाही?"

"यादी गेली म्हणतात."

"आणि मोहिंगा?"

"दोनशे माणसांचा," मी पुटपुटले.

तिने फडकं पिळलं, दोरीवर टाकलं. "नाही करणार."

"आत्या!"

"आत्या-बित्या काही नाही. बहिष्कार. जाऊन सांग त्यांना. ह्याच शब्दांत सांग. सॉ यिनने बहिष्कार घातलाय, का घातलाय तेही सांग. बसू दे सगळ्यांना सहा खुर्च्यांवर उपाशी. एकाने तरी विचारलं पाहिजे, मोहिंगा कुठाय? मग उत्तर दे. जमेल ना?"

"जमेल," मी म्हणाले.

शाळेकडे जाताना रस्त्यात मी ते वाक्य घोकत गेले. ऊ त्विन आवारात पताका बांधून घेत होते. चेहरा घामेजलेला, तोंडात सुतळी. मला पाहून ते सुतळीसकट हसले आणि म्हणाले, "आत्यांचं झालं ना? तेवढी एकच गोष्ट बिनघोर असते बघा." आणि मी म्हणाले, "हो सर."

मी तशीच धक्क्यावर गेले. तिथे को च्योची टपरी आहे, स्टीमरच्या हमालांना मोहिंगा विकतो. दोनशे वाट्या सांगितल्या. पातेलं मागच्या फाटकातून आणून ठेव, कुणाशी बोलू नको, म्हटलं. तो म्हणाला, "बाई, चोरीचा माल आहे का?" मी पदरचे क्यात त्याच्या हातावर ठेवले आणि घरी येऊन न जेवता बसून राहिले. बाबांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, डोकं दुखतंय.

दशमीची सकाळ स्वच्छ उजाडली. मुलं पांढऱ्या सदऱ्यांत, मुली गालांना थनाखाचा लेप लावून रांगेत. घोषणा, झेंडा, गाणी, सगळं वेळेवर. सहा खुर्च्यांना मुलांनी तीनदा नमस्कार केला. मी सातवीच्या रांगेच्या कडेला उभी होते. मागच्या फाटकापाशी को च्योचं पातेलं वाफाळत होतं आणि मी तिकडे बघत नव्हते.

बाबांचं भाषण नेहमीचंच. आम्ही मुलगे बाहेर पडलो, मागोमाग मुलीही आल्या, टाळ्या, खोकला. पण त्या दिवशी पुढे त्यांनी एक नवीन वाक्य घातलं. आत्याला दिलेलं 'बघू' त्यांना टोचत असणार, आणि त्यावर त्यांनी शोधलेला हा तोडगा. "माझी धाकटी बहीण सॉ यिन हीदेखील त्या मुलींत होती," ते म्हणाले. "आज ती व्यासपीठावर नाही. कुणी भाषण करून देशाची सेवा करतं, कुणी मोहिंगा करून. तो पाहा तिचा मोहिंगा!" आणि त्यांनी को च्योच्या पातेल्याकडे हात केला. दोनशे माणसांनी मागे वळून त्या पातेल्यासाठी टाळ्या वाजवल्या.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मग वाट्या फिरल्या. शेवया, वर रस्सा, दुधी भोपळ्याची भजी, लिंबू. लोक भुरके मारू लागले. "सॉ यिनबाईंच्या हाताला चव आहे हो," अध्यक्ष म्हणाले. गिरणीवाले म्हणाले, "यंदा दरवर्षीपेक्षा सरस!" ऊ त्विननी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. डाळीचं पीठ घालून घट्ट केलेला, मासा नुसता वासापुरता असलेला तो रस्सा, आणि एका माणसाला, एका तोंडाला, फरक कळू नये? बावीस वर्षं ती ह्यांना खाऊ घालत होती! मी व्हरांड्याचा खांब धरून उभी राहिले आणि माझ्यावर नि त्यांच्यावर सारखीच जळफळत होते.

बाबांनी एक चमचा तोंडात घातला. चावता चावता थांबले. दोन बोटं तोंडात घालून त्यांनी केळीच्या गाभ्याचा लांबच लांब धागा बाहेर ओढला आणि त्याकडे बघत राहिले. मग वाटी खुर्चीखाली ठेवली, फेटा सावरला, आणि व्यासपीठावरून उतरून सरळ माझ्यापाशी आले.

"हा कुणाचा आहे?"

"धक्क्यावरच्या को च्योचा."

"ती आजारी आहे?"

"नाही. तिनं बहिष्कार घातलाय. खुर्ची दिली नाही म्हणून. मी... मला हेडमास्तरांना सांगवलं नाही, बाबा."

बाबा पुढच्या फाटकातून चालू लागले. मी मागे.

आत्या टपरीत बसली होती. पण वेगळीच दिसत होती. चांगली गर्द निळी रेशमी लुंगी, पांढरी मलमलची अंगी, अंबाड्यात फूल. चूल थंड. तिने आम्हाला येताना पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "आलात?" ती म्हणाली. "मला वाटलंच होतं कुणीतरी येईल. बोला, काय म्हणतायत उपाशी मंडळी?"

मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे. भीड आम्हा दोघांच्या मध्ये तिसऱ्या माणसासारखी उभी होती. शेवटी मी सांगितलं. सगळं सांगितलं, पातेल्यासाठीच्या टाळ्यांसकट.

आत्याने अंबाड्यातलं फूल काढलं आणि फळीवर ठेवलं.

"सरस झाला म्हणाले?"

"आत्या, मी..."

"पन्नास वर्षांत मी दोनदा बहिष्कार घातला," ती म्हणाली. "दोन्ही वेळा घरच्यांनीच मोडला."

बाबा बाकावर बसले. "सॉ यिन, मी आज तुझं नाव घेतलं. सगळ्यांसमोर घेतलं."

"मोहिंगाबरोबर घेतलंस. दादा, एक विचारू? ते माफीचं पत्र कुणी लिहिलं होतं?"

"आपल्या बाबांनी."

"आपल्या बाबांना इंग्रजी येत होतं?"

बाबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "अक्षर माझं होतं," ते म्हणाले. "त्यांनी सही केली."

"किती वेळ लागला लिहायला?"

"किती लागणार? दहा मिनिटं."

"आणखी दहा मिनिटांत माझं झालं असतं."

"तू मागितलं नाहीस!"

"मी दारात उभी होते, दादा. तू लिहीत होतास तेव्हा सबंध वेळ दारात उभी होते. तुला दिसले होते."

"दिसली होतीस," बाबा म्हणाले. "आपल्या बाबांनी एकच कागद दिला होता. दुसरा मागायची... मला भीड वाटली."

आत्या हसली, पण ते हसणं बघवेना. "त्यानंतर आठ दिवस मी रोज वेणी घालून, पुस्तकं बांधून बसत होते. म्हटलं, आज लिहील, उद्या लिहील. आणि तुम्ही गावभर सांगितलंत, सॉ यिन मानी आहे, परत गेली नाही. मानी! मला परत जायचं होतं रे. सातवीचं पुस्तक अर्धं राहिलं होतं माझं. अपूर्णांक सुरू झाले होते."

मला तोंड वर करवेना. तिच्या ज्या मानीपणावर मी आयुष्यभर मनातल्या मनात फुशारले, तो तिच्या माथी मारलेला होता. मीही कधी तिला विचारलं नव्हतं.

"मग खुर्ची कशाला हवी होती?" मी कसंबसं विचारलं.

"खुर्चीला काय करायचंय? पाच वर्षं मागच्या फाटकातून पातेलं घेऊन जातेय. ज्या फाटकातून बाहेर पडले, त्याच फाटकातून एकदा आत जायचं होतं. कुणीतरी 'या' म्हणून."

बाबांनी खिसे चाचपले. त्यांच्या भाषणाचा कागद निघाला. तो त्यांनी उलटा केला, पेन काढलं आणि फळीवर वाकून इंग्रजीत लिहू लागले. अक्षर अजून कचेरीतलंच, गोल आणि स्वच्छ. लिहून झाल्यावर त्यांनी कागद आत्यापुढे सरकवला. तिने एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला. सातवी अर्धीच झालेली, तरी तिला तो वाचता आला.

"हे काय? 'घडल्या अपराधाबद्दल क्षमा असावी'? हे खोड."

"अगं, पत्राची तशी रीतच..."

"मी कसला अपराध केलाय? खोड म्हणते ना!"

बाबांनी खोडलं.

"आणि हे 'आपला आज्ञाधारक'. तेही."

तेही खोडलं. मग कागदावर एकच वाक्य उरलं. 'माझी बहीण सॉ यिन हिला सातवीच्या वर्गात परत घ्यावे.' खाली बाबांची सही.

आत्याने कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "दे नेऊन. आणि दादा, तू घरी जा. औषधाची वेळ झाली तुझी." माफ केलं वगैरे काही ती म्हणाली नाही. बाबाही थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी हेडमास्तरांच्या खोलीत गेले आणि कागद टेबलावर ठेवला. ऊ त्विननी तो वाचला, चष्मा वर करून पुन्हा वाचला, आणि त्यांना गहिवरून आल्यासारखं झालं. "जुनी माणसं!" ते म्हणाले. "काय गंमत करतात बघा या वयात." त्यांनी कागद इतर कागदांखाली सरकवला आणि वर काचेचं वजन ठेवलं. "बरं, आत्यांना आभार सांगा. पुढच्या वर्षीचंही आत्ताच सांगून ठेवा."

"सर, तो मोहिंगा आत्याचा नव्हता."

"आँ?"

"धक्क्यावरच्या को च्योचा होता. आत्यानं बहिष्कार घातला होता. मी तुमच्याशी खोटं बोलले."

मला वाटलं, आता ते रागावतील. रागावले असते तर फार बरं झालं असतं.

"मग उलट बरंच झालं की!" ते म्हणाले. "उगाच म्हाताऱ्या माणसाला त्रास. पुढच्या वर्षापासून को च्योलाच सांगू."

"आणि खुर्ची?"

"कसली खुर्ची?"

घंटा झाली. तीच जुनी घंटा. पहिला तास सातवीचा, माझा. मुलींचा बाकं सरकवल्याचा आवाज आला, मग मुलांचा. ऊ त्विननी दाराकडे पाहिलं, म्हणजे बाई, आता या. एरवी मी मान हलवून गेले असते.

मी कागदांवरचं ते काचेचं वजन उचललं आणि बाजूला ठेवलं.

"बसा, सर," मी म्हणाले. "पहिल्यापासून सांगते."